पदाशिवायची ओळख

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच प्रवासाला आम्ही दोघं निघालो. बार्शीहून परंड्याच्या एसटीत बसलो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "काय करता?" तीस वर्षं 'सर' आणि 'मॅडम' हीच आमची नावं होती. "शाळेत होतो," एवढंच म्हणालो. त्या 'होतो'पुढं बोलणं सरकेना.

परंड्याच्या किल्ल्यात मलिक-ए-मैदान तोफेची आठवण झाली. मुहम्मद बिन हसन रूमी यांनी १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही तोफ पूर्वी इथं होती. १६३२ मध्ये ती विजापूरला गेली. तिचं मैदान सुटलं, नाव राहिलं. आमचं मात्र पदाबरोबर नावही गेल्यासारखं झालं होतं.

पुढं सोनारीला गेलो. काळभैरवनाथाचं मंदिर आणि माकडं यांसाठी हे गाव प्रसिद्ध. आमच्या हातातली केळी एका माकडानं ओळखपाळख न विचारताच पळवली. ते पाहून हसणाऱ्या एका शेतकऱ्यानं आम्हाला घरी नेलं. त्यानं नोकरी विचारलीच नाही. "गाव कुठलं? लेकरं किती? जेवलात का?" जोहरची वेळ झाली म्हणताच त्यानं वुजूला पाणी दिलं, ओसरी झाडून दिली. नमाजनंतर त्याच्या आईनं पिठलं-भाकरी वाढली.

परतीच्या एसटीत पुन्हा तोच प्रश्न आला. आम्ही आधी नाव सांगितलं, मग गाव आणि म्हणालो, "सोनारीला पाव्हण्यांकडं जेवून आलोय." अल्हम्दुलिल्लाह, बार्शी येईपर्यंत गप्पा थांबल्या नाहीत.