नवे टायर पुढे की मागे?

जून लागला की कोल्हापुरात दोन गोष्टी ठरलेल्या. रंकाळ्यावर भाजलेल्या कणसांचा वास आणि मोबाइलवर मित्रांचा मेसेज : 'गगनबावडा कधी?' मग कुणाची गाडी, कोण पुढे बसणार, गाणी कुणाच्या आवडीची, यावर तासभर खल होतो. टायरचा विषय मात्र कुणीच काढत नाही.

यंदा तो काढला माझ्या मावसभावाने. दादा म्युनिकला नोकरी करतो. जूनमध्ये सुट्टीवर आला होता. दारात उभ्या असलेल्या माझ्या छोट्या हॅचबॅककडे वाकून बघत म्हणाला, "काय गं, पावसाळ्याचे टायर घातलेस का?" आम्ही सगळे खो-खो हसलो. पावसाळ्याची चप्पल ऐकली होती, टायर?

पण दादा सीरियस होता. जर्मनीत ऑक्टोबर आला की लोक गाडीचे चारही टायर बदलतात आणि ईस्टरनंतर पुन्हा उन्हाळी टायर चढवतात. तापमान ७ अंशांच्या आसपास उतरलं की साध्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटायला लागते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. खऱ्या हिवाळी टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाचं फूल असं चिन्ह असतं. ऑक्टोबर २०२४ पासून तिथला कायदा फक्त हेच चिन्ह मानतो. कॅनडातल्या क्युबेकमध्ये तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत.

"आणि चारही बदलायचे," दादा म्हणाला. "आमच्याकडे नवशिके लोक पैसे वाचवायला फक्त पुढचे दोन बदलतात. इंजिन पुढची चाकं ओढतं ना, मग पुढेच पकड हवी, असा हिशेब! आणि पहिल्याच बर्फात गाडी गिरकी घेते."

हे ऐकलं आणि माझं हसू थांबलं. कारण हाच हिशेब मी केला होता.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. पावसाळ्यापूर्वी पुढचे दोन टायर पार गुळगुळीत झाले होते. बजेट दोनच टायरचं. दुकानदार म्हणाला, पुढे टाका. मला पटलं. मागचे जुने तसेच राहिले. मग एका रविवारी आईला घेऊन गगनबावड्याला निघाले. साळवणच्या पुढे एका ओल्या वळणावर समोर ट्रॅक्टर दिसला. मी दचकून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, ब्रेकला पाय लावला... आणि गाडीची मागची बाजू माझ्या शेजारून पुढे यायला निघाली! स्टेअरिंग फिरवत होते, पण कशाचाच उपयोग नव्हता. गाडी आडवी होऊन रस्त्याच्या कडेच्या चिखलात थांबली. दुसऱ्या क्षणाला एसटी हॉर्न वाजवत बाजूने गेली. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांना सांगू नकोस."

त्यानंतर पाऊस असला की मी गाडी बाहेरच काढली नाही. चूक माझ्या ड्रायव्हिंगची, असंच धरून चालले होते.

दादाला हे सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही शाहूपुरीत एका जुन्या टायरवाल्या मामांकडे गेलो. पावसाळी टायर असं वेगळं काही त्यांच्याकडे नव्हतं. हिवाळी टायर इथे वापरावेत का, हेही विचारलं. मामा हसले. "एप्रिलच्या उन्हात ते मऊ रबर खोडरबरासारखं झिजंल की!" आपल्याकडे मिळतात ते टायर युरोपच्या भाषेत 'उन्हाळी'च. आपला बर्फ म्हणजे पाणी. त्यामुळे बघायच्या त्या नळ्या. टायरवरच्या खाचा म्हणजे पाणी बाहेर फेकणाऱ्या नळ्याच. खाचा उथळ झाल्या की पाणी निघायला वाट उरत नाही, टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि स्टेअरिंग एकदम हलकं लागतं. यालाच अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. आपल्याकडे कारच्या टायरला कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खाच लागते. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर त्यांच्याबरोबर आला की संपला. पण पावसासाठी तिथपर्यंत थांबू नका. ३ मिलिमीटरला नवा घ्यायचा विचार सुरू करा.

मामांनी गेज लावलं. पुढचे ५, मागचे जेमतेम २. मी विचारलं, "मग नवे दोन पुढे आणि पुढचे मागे?"

मामांनी मान हलवली. "पुढचं सरकलं तर तुमच्या हातात स्टेअरिंग हाय, ताई. मागचं सरकलं तर काय हाय?"

एवढंच! पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते. आपण घाबरून पाय सोडतो, वेग कमी होतो आणि पकड बऱ्याचदा परत येते. मागची घसरली की गाडी गिरकी घेते आणि ती सावरणं रेस ड्रायव्हरचं काम. पुन्हा पुढच्या टायरवर इंजिनाचं वजन असतं, मागे डिकीत आपली एक बॅग. म्हणून नवी जोडी नेहमी मागे. मिशेलिनसारखी कंपनीही हेच सांगते, ड्राइव्ह पुढच्या चाकांचा असो की मागच्या.

मग इतके जण उलटं का करतात? कारण पुढचे टायर आधी झिजतात. गाडी ओढायचं, वळवायचं आणि ब्रेकचं बहुतेक काम तेच करतात. फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडर मागच्या चाकांवर चालायच्या. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी घरोघरी पोहोचली. झिजलं तिथे नवं टाका, हे लॉजिक म्हणूनच सोपं वाटतं. खरा उपाय म्हणजे दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरच्या जागा बदलणं. चारही सारखे झिजतात आणि एकदमच बदलता येतात.

मामांकडून उचललेल्या आणखी काही टिप्स :

* टायरच्या बाजूवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. 'नवा' टायर किती जुना आहे, ते तिथे कळतं.
* पावसात पकड यावी म्हणून हवा कमी करू नका. टायर पाण्यावर उलट लवकर तरंगतो. ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढीच हवा, तीही टायर थंड असताना.
* अलॉय आणि रुंद टायरचा नाद कोल्हापुरात जबरदस्त! पण खाचा सारख्याच असतील तर साचलेल्या पाण्यावर रुंद टायर आधी तरंगतो.
* स्टेपनीची हवा बघा. ती नेहमी घाटातच आठवते.

नवी जोडी मागे बसली. पुढच्या रविवारी दादा, आई आणि मी निघालो. फुलेवाडी, बालिंगा, कळे... साधारण ५५ किलोमीटरचा रस्ता. दोन्हीकडे ऊस आणि भाताची हिरवळ. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरनी रस्त्यावर लाल चिखल सांडलेला. साळवणच्या पुढचं ते वळण आलं. आईने वरचं हँडल घट्ट पकडलं. मी वेग आधीच उतरवला होता. गाडी गपगुमान वळली. कुणी काही बोललं नाही.

गगनबावड्यात धुकं इतकं, की गगनगड दिसलाच नाही. करूळ आणि भुईबावडा घाटांचे फाटे फुटतात, त्या बाजूला टपरीवर चहा आणि गरम भजी घेतली. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस याच तालुक्यात पडतो, हे दादाला सांगायची गरज पडली नाही. छत्री उलटी झाली होती!

एक गोष्ट मात्र टायर करू शकत नाहीत. जुलैत आम्ही पुन्हा निघालो, तर मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलेलं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेसुद्धा बंद पडला होता, तिथे माझी हॅचबॅक काय चीज? मी गाडी वळवली. घरी येऊन भजी केली. तळता तळता आईने बाबांना ऑगस्टची गोष्ट सांगून टाकली.

बाबा ताडकन उठून बाहेर गेले. आता ओरडा बसणार, म्हणून मी मागोमाग गेले. ते स्वतःच्या गाडीच्या मागच्या चाकाशी वाकून खाचा बघत होते.