सहा मिलिओहमची गोष्ट

आमच्या राधानगरीच्या पावसाचं कौतुक पाहुण्यांना. आम्हाला चार महिने छत्री, ओल आणि गेलेली लाईट यांचीच सोबत! पण ऑगस्ट 2019 चा पाऊस आम्हीसुद्धा विसरणार नाही. धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, भोगावती फुगली, तिकडे पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि कोल्हापूरचे रस्ते बंद झाले. बाबा कोल्हापुरात कामाला होते. घरात लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही. आज्जी दारात बसून दिवसभर एकच विचारायची, "लागला का रं फोन?"

चौथ्या दिवशी फोन लागला. बाबा सुखरूप होते. मी तेव्हा शाळेत होतो, पण ते चार दिवस डोक्यातून गेले नाहीत.

इंजिनिअरिंगला आलो आणि एका सीनियरकडे हॅम रेडिओ पाहिला. टॉवर नाही, सिमकार्ड नाही, बारा व्होल्टची बॅटरी आणि एक तार! मनात म्हटलं, हेच पाहिजे होतं. सरकारी परीक्षा दिली, परवाना आला, व्हीयू3 ने सुरू होणारं कॉल साईन मिळालं.

आता घरून कोल्हापूर गाठायचं. हातातला व्हीएचएफ सेट आमच्या डोंगरांपुढे हात टेकतो. त्यासाठी 7 मेगाहर्ट्झ बरा. लहर सरळ वर जाते, आयनोस्फिअरवर आपटून पलीकडच्या खोऱ्यात खाली येते. मधला डोंगर बघत बसतो! पण त्याच्या साध्या डायपोलला 20 मीटर तार लागते, तीही उंच. मी घराच्या आढ्यापासून आंब्यापर्यंत तार ताणायला निघालो, तर आज्जी आडवी आली. "पावसाळ्यात घरावर तार बांधायची न्हाई. ईज काय सांगून येती व्हय?"

मित्रांनो, यावर कुठल्याच पुस्तकात उत्तर नाही, कारण तिचं बरोबर होतं.

मग लूप अँटेना सापडली. आपल्या जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये फेराईटच्या कांडीवर गुंडाळलेली असते तिचीच ही थोरली बहीण. एक मीटर व्यासाचं तांब्याचं कडं, वरच्या टोकाला तोंड उघडं आणि त्या तोंडात व्हेरिएबल कपॅसिटर. कड्याचं इंडक्टन्स सुमारे 2.65 मायक्रोहेन्री. 7.1 मेगाहर्ट्झला रेझोनन्ससाठी साधारण 190 पिकोफॅरॅड लागतात. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा गँग त्यात बसतो. गँगचे दोन भाग सिरीजमध्ये जोडायचे, म्हणजे करंट फिरत्या दांड्याच्या घासणाऱ्या कॉन्टॅक्टमधून जात नाही. खालच्या बाजूला 20 सेंटीमीटरचं दुसरं छोटं कडं, को-ॲक्सची केबल फक्त त्याला. थोरल्या कड्याला वायर लागतच नाही, ट्रान्सफॉर्मरसारखं चुंबकीय क्षेत्रातून काम चालतं. छोटं कडं थोडं दाबून, थोडं तिरकं करून 50 ओहमशी जुळवायचं. आणि हे सगळं माळ्यावर, कौलांच्या आत. पत्र्याखाली चाललं नसतं, कौलं रेडिओला अडवत नाहीत.

आज्जीनं बघितलं आणि म्हणाली, "ह्ये काय रं, कढईच्या कड्यागत?"

पैशाची बोंब होतीच. जुन्या एसीच्या भंगारातून पाच सुती तांब्याच्या नळीचे चार तुकडे आणले, वाकवले, क्लॅम्प आणि नट-बोल्टनं जोडले. ट्यूनिंग आधी कानानं केलं. गँग फिरवत गेलं की एका ठिकाणी रेडिओची खरखर एकदम वाढते. मग अगदी कमी पॉवरवर मीटर बघितला. एसडब्ल्यूआर एकास एक! मी तर खूष. ट्यूनिंगही किती सोपं, गँग थोडा इकडेतिकडे झाला तरी मीटर हलत नव्हता.

ठरल्याप्रमाणे रविवारी सकाळी 5 वॅटवर कोल्हापूरच्या सीनियरला हाक मारली. उत्तर नाही. पुढचे तीन रविवार... उत्तर नाही. तो मला ऐकू यायचा, मी त्याला नाही.

एक दिवस तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, ही रड सांगितली. ते उसाला पाणी पाजून आले होते. चिखलाचे पाय धूत म्हणाले, "पाटाला पाणी जोरात पळतंय आन् सरीत येत न्हाई, म्हंजे मधी खेकड्यानं बीळ पाडलंय. मोटार बघू नगंस, पाट बघ."

वही काढली आणि गणित मांडलं. एवढ्या लहान कड्याचा रेडिएशन रेझिस्टन्स 7 मेगाहर्ट्झला फक्त 6 मिलिओहम! तांब्याचा स्वतःचा रोध सुमारे 44 मिलिओहम. म्हणजे सगळं उत्तम असलं तरी 5 वॅटमधला जेमतेम 12 टक्के भाग हवेत जाणार. त्यात माझ्या नट-बोल्टच्या जोडांनी मिळून 100 मिलिओहम खाल्ले असतील, तर उरले 4 टक्के. हे मल्टिमीटरला दिसत नाही, त्याच्या प्रोबच्या वायरींचाच रोध त्यापेक्षा जास्त. आणि एसडब्ल्यूआर? तो फक्त सांगतो की पॉवर परत आली नाही. ती हवेत गेली की जोड तापवण्यात, हे त्याला माहीत नसतं.

सोपं ट्यूनिंग हीच तर खूण होती! चांगल्या लूपची बँडविड्थ इथे 6 किलोहर्ट्झच्या आसपास हवी. माझी तिप्पट भरत होती. सगळं सहज जमत होतं, कारण सगळं गळत होतं.

फ्रीज दुरुस्तीवाल्याकडे कडं नेलं. त्यानं चारही तुकडे गॅसवर ब्रेझिंग करून एकसंध केले, गँगच्या पट्ट्याही पक्क्या डागल्या. आता लूप अशी नाठाळ झाली की हात जवळ नेला तरी ट्यूनिंग सरकायचं. गँगला हातभर प्लॅस्टिकची दांडी लावली. त्याला आणखी एक कारण आहे. 5 वॅटलाही कड्यात सुमारे 10 अँपिअर करंट आणि गँगवर हजाराच्या वर व्होल्टेज असतं. हौसेनं एकदा 10 वॅट दिले, तर गँगच्या पात्यांत निळी ठिणगी! बोलताना कड्यापासून दोन हात लांबच राहायचं. आणि वीज चमकायला लागली की, अँटेना घरात असली तरी, केबल काढून ठेवायची. हा आज्जीचा नियम.

पुढच्या रविवारी आज्जी माळ्याच्या शिडीखाली बसली होती. मी हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा... आणि खरखरीतून आवाज आला, "कॉल साईन कळलं. तीन-तीन. बारीक आहेस, पण आहेस!"

मी वरूनच ओरडलो, "आज्जी, कोल्हापूर लागलं!"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या वर्सी का रं न्हाई लावलंस?"

मी काय सांगणार! शिडी उतरून तिच्याजवळ बसलो. आता दोन मीटरचं कडं करायचं आहे. व्यास दुप्पट झाला की रेडिएशन रेझिस्टन्स 16 पट होतो. गँग मात्र बदलावा लागेल. जोड तेवढे आधीच ब्रेझिंग करून घेणार आहे, पुढच्या पावसाळ्याच्या आत.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन