मापावरची मूठ

ज्वारीचं माप शिगोशीग भरतं, पोत्यात उपडं होतं, पुन्हा भरतं, पुन्हा उपडं होतं, आणि सगळा हिशेब पुरा होऊन कुणाचं कुणाला काही देणं उरलेलं नसतं अशा वेळी देणारा हात आणखी एकदा राशीत जातो आणि एक मूठ उचलून पोत्यात सोडतो. त्या मुठीला स्वतःचा आवाज असतो. मापाचा आवाज भरीव, धप्पकन येऊन थांबणारा. मुठीचा बारीक; सर्रर्र करत लांबत जातो आणि शेवटी दोन-चार दाण्यांवर येऊन विरतो. इतक्या बाजारांतून फिरून झाल्यावर माझ्या कानात राहिला तो हा दुसरा आवाज.

अंबड तालुक्यातलं आमचं आजोळ. आजी ओसरीवर मापटं घेऊन बसायची, पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणायची, आणि तो ‘लाभ’ दुसरं माप भरेपर्यंत ओठांतल्या ओठांत घोळवत ठेवायची. दारावर बोरंवाली यायची, गारेगारवाला यायचा, सुया-पोत विकणारी यायची. पैसे क्वचित निघत, ज्वारी निघे. आम्ही पोरं सदऱ्याच्या ओच्यात दाणे घेऊन धावायचो आणि त्याच ओच्यात बोरं घेऊन परत यायचो. कधी दाणे जास्त जात, कधी बोरं जास्त येत, त्यावरून कुणी कुणाला बोल लावत नसे. बोरंवाली टोपली उचलू लागली की आजीचा हात राशीत जायचाच. ‘राहू दे गं, लेकराला घुगऱ्या होतील,’ एवढंच म्हणायची, तेही तिच्याकडे न बघता, सुपातले खडे निवडत. आपण देतोय हे समोरच्याला दिसू नये याची केवढी काळजी होती त्या न बघण्यात!

वडील जालन्याला, नव्या मोंढ्यात, एका आडतीवर दिवाणजी होते. ‘जालना सोने का पालना’ हे आमच्याकडे पोराला दुधाबरोबरच पाजलं जातं, आणि मोंढ्यात गेलं की ते खरंही वाटायचं. तूर, सोयाबीन, ज्वारीच्या राशी, त्यांच्यावर तरंगणारी पिवळी धूळ, एका राशीवरून दुसऱ्या राशीकडे सरकत जाणारा लिलाव आणि त्याच्यासोबत सरकणारा गलका. व्यापारी पोत्यात हात घालून चार दाणे दाताखाली फोडायचा, तोंड वाकडं करायचा, निघून गेल्यासारखं करायचा, आणि परत यायचा. शेतकऱ्याला ठाऊक असायचं की तो परत येणार. त्यालाही ठाऊक असायचं की याला ठाऊक आहे. हे सगळं नाटक दोघं किती मन लावून करायचे! संध्याकाळी गलका ओसरला की झाडणाऱ्या बाया यायच्या, आणि एखादा हमाल शेवटचं पोतं उचलताना ते जरा तिरकं धरायचा. चार मुठी जमिनीवर. वडील त्या वेळी वहीत मान खुपसून बसलेले असत.

मग मला दुसराच बाजार सापडला.

2006-07 चे दिवस, भारनियमनाचे. मामा चौकाच्या बाजूला एक सायबर कॅफे होता. बॅटऱ्यांचा आंबूस वास, प्लायवुडचे खोपे, कळफलकाच्या फटींत बिस्किटांचा चुरा. त्या जुनाट यंत्रांवर चालेल असा एकच मोठा खेळ होता, रूनस्केप. इंग्लंडात बनलेला, ब्राउझरमध्येच उघडणारा, फुकट. त्यात लढाया होत्या, राक्षस होते, पण मी रमलो तो व्हॅरॉक नावाच्या शहरातल्या पश्चिमेकडच्या बँकेपुढं. एक नंबरच्या सर्व्हरवर तिथं मोंढा भरायचा. शेकडो माणसं एकमेकांच्या अंगावर उभी, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळी अक्षरं: कोळसा विकणे आहे, लॉब्स्टर घेणे आहे, यूचं लाकूड शंभराच्या पटीत. वाक्याआधी ‘फ्लॅश’ किंवा ‘वेव्ह’ असा शब्द टाइप केला की अक्षरं रंग बदलत, लाटेसारखी हलत. ज्याला गिऱ्हाईक मिळत नसे तो असं रंगीबेरंगी ओरडे. कॅफेवाल्यानं स्पीकर काढून ठेवले होते. तरीही मला गलका ऐकू यायचा. अगदी स्पष्ट.

आणि मी विकायचो काय? पोलाद. एक लोखंड आणि दोन कोळसे भट्टीत घातले की पोलादाची एक कांडी. थैलीत खाने अठ्ठावीस, म्हणजे नऊ लोखंड आणि अठरा कोळसे, एका खेपेला नऊ कांड्या. बाहेर एमआयडीसीत खऱ्या भट्ट्या भंगार वितळवत होत्या, सळया ओढत होत्या, रात्री त्या बाजूचं आभाळ तांबूस दिसायचं. आणि त्याच गावातला एक पोरगा तासाचे पैसे मोजून, खोट्या खाणीत कुदळ मारून, खोटं पोलाद गाळत बसलेला. जालन्याचं पोर पोलाद सोडून दुसरं काय विकणार म्हणा!

सौदा ठरला की एक खिडकी उघडे. डावीकडं माझा माल, उजवीकडं त्याची नाणी. दोघांनी होकार दिला की दुसरी खिडकी, पुन्हा तेच सगळं लिहून: तू हे देतोस, तुला हे मिळतं, नीट बघ. शेवटच्या क्षणी माल बदलणारे भामटे होते म्हणून ही दुसरी खिडकी. पैसे दुप्पट करून देतो म्हणणारेही होते; आधी थोडे खरंच दुप्पट करत, मग मोठी रक्कम घेऊन पसार. मोंढ्यात वाढलेल्या पोराला यात शिकण्यासारखं नवं काही नव्हतं. पण एकदा, मोठी खेप होती, घासाघीस करून भाव ठरला, आणि पहिल्या खिडकीत समोरच्याचा आकडा ठरल्या जागी येऊन थांबला, क्षणभर तसाच राहिला, मग हलला. वर चढला. ठरल्यापेक्षा काही नाणी जास्त. मी विचारलं, हे काय? त्यानं लिहिलं, ‘कीप.’ ठेव. कुठला होता कोण जाणे. त्याच्या डोक्यावर निळी टोपी होती एवढं आठवतं.

तो आकडा चढला तेव्हा माझ्या कानात सर्रर्र झालं. आई गं. प्लायवुडच्या खोप्यात, बॅटऱ्यांच्या वासात, आजीची ज्वारी.

2001 साली एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञानं एव्हरक्वेस्ट नावाच्या अशाच एका खेळातल्या जगाचं दरडोई उत्पन्न काढलं होतं, आणि ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या मध्ये कुठंतरी बसलं. हे मी फार नंतर वाचलं. मोठी गंमत वाटली, आणि लगेच मनात आलं, यात ती ‘ठेव’वाली नाणी कुठल्या रकान्यात धरली असतील?

26 नोव्हेंबर 2007 ला व्हॅरॉकच्या वायव्येला एक भव्य इमारत उघडली, ग्रँड एक्स्चेंज. आता ओरडायचं कारण नाही. खिडकीवरच्या कारकुनाकडं माल ठेवायचा, भाव लिहायचा, तोही ठरवून दिलेल्या भावाच्या पाच टक्के खालीवर, आणि निघून जायचं; जगात कुठंतरी गिऱ्हाईक असलं की माल आपोआप जाणार. कुणी घेतला ते कळणार नाही. पश्चिमेची बँक ओस पडत गेली. आणि 2 जानेवारी 2008 ला त्यापुढचं आलं: दोघांच्या सौद्यात एकाचा दुसऱ्यापेक्षा तीन हजार नाण्यांहून जास्त फायदा होत असेल, तर सौदाच होणार नाही. कारण खरं होतं. खेळातली नाणी खऱ्या पैशानं विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता, त्यात चोरीची क्रेडिट कार्डं होती. (पुढं व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा तिथली माणसं याच खेळाच्या जुन्या आवृत्तीत दिवसभर राबून, नाणी विकून घर चालवत होती. त्यांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.) चोर बाहेर ठेवायला भिंत बांधली, आणि त्या भिंतीत आजीचा हात चिणला गेला.

तो कसा, ते मी शेजारच्या खोप्यात पाहिलं. माझा धाकटा चुलतभाऊ तिथं बसायचा. त्याचा खेळाडू नवा, हातात काशाची सुरी. माझ्याकडं एक रून तलवार होती, वाकडी, निळसर. मला आणखी चांगली मिळाली म्हणून म्हटलं ही त्याला देऊ. खिडकी उघडली, तलवार ठेवली, त्याच्या बाजूला काहीच नाही. नकार. त्यानं होती नव्हती तेवढी नाणी ठेवली. नकार. मग उकडलेले मासे ठेवले, लाकडं ठेवली, हाडं ठेवली, काशाची सुरीही ठेवली. तलवारीची किंमत इतकी होती की त्याचं सगळं घरदार मांडूनही तराजू हलेना. ‘दादा, दे ना मग,’ तो म्हणाला. आमच्या दोघांच्या खुर्च्यांमध्ये वीतभर अंतर होतं. मी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवू शकत होतो. तलवार देऊ शकत नव्हतो.

देणं आणि विकणं या दोन वेगळ्या पेठा आहेत असं शहाणी माणसं धरून चालतात. आमच्या जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, सातवाहनांच्या काळात उत्तरेकडून पैठण आणि तेरकडं उतरणाऱ्या व्यापारी वाटेवरचं गाव. सांचीच्या आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. कुठं हे गाव, कुठं विंध्यापलीकडचा तो दगड! ज्या वाटेनं माल जात होता त्याच वाटेनं ही मूठही गेली असणार, बहुधा त्याच तांड्याबरोबर. मला ती माणसं फार ओळखीची वाटतात. भाव करताना दात-ओठ खाणारी आणि मग न बघता हात राशीत घालणारी.

1 फेब्रुवारी 2011 ला बंधन उठलं. त्याआधी खेळाडूंचं मत घेतलं, बारा लाखांवर मतं पडली, त्यातली एक्क्याण्णव टक्के मोकळ्या सौद्याच्या बाजूनं. तोवर मी कॉलेजात होतो आणि कॅफेच्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान आलं होतं. 2013 मध्ये ऑगस्ट 2007 मधला खेळ जसाच्या तसा पुन्हा सुरू केला गेला, एक्स्चेंज नसलेला. लोक हरखून परतले, पुन्हा त्या बँकेपुढं उभे राहून ओरडू लागले. आणि 2015 मध्ये त्याच लोकांनी मतदान करून एक्स्चेंज परत आणलं! हे कळलं तेव्हा मी एकटाच हसलो, आणि हसून झाल्यावर बराच वेळ काही सुचेना.

चुलतभाऊ आता एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात आहे, पाळीवर. खेळ 2018 पासून फोनवर चालतो, तो जेवणाच्या सुट्टीत कोळसा खणतो. परवा घरी आला होता. मी माझं जुनं गाऱ्हाणं लावलं, बँकेपुढचा गलका, निळ्या टोपीवाला, घासाघीस. त्यानं भाकरीचा तुकडा मोडता मोडता ऐकून घेतलं.

‘दादा, तू बारा तास भट्टीपुढं उभा राहा आधी,’ तो म्हणाला. ‘मग मला सांग, दोन कांड्यांसाठी अर्धा तास कोण ओरडत बसणार.’

आणि त्यानं फोन काढून त्याचं पोलाद एक्स्चेंजवर लावलं, चालू भावापेक्षा दोन नाणी कमीनं. ‘असू दे,’ म्हणाला. ‘लवकर जातं.’