होसूर रस्त्यावरचं ‘यूब्रिगेन्स’

बंगळूरला जाणारा मराठी पर्यटक लालबाग पाहतो, विधानसौधासमोर फोटो काढून घेतो आणि म्हैसूरची गाडी पकडतो. बोम्मसंद्र्याला मुद्दाम कोणी जात नाही. तिथं जातात ते नोकरीसाठी, नाहीतर घरातल्या कोणाच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी. डॉ. देवी शेट्टी यांनी उभारलेलं नारायण हृदयालय इथंच आहे.

शहराच्या दक्षिणेला, होसूर रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक्स सिटी ओलांडली की बोम्मसंद्रा येतं. गावाच्या नावातला ‘संद्रा’ हा ‘समुद्र’ या शब्दाचा झिजलेला अवतार मानतात. समुद्र म्हणजे अर्थात तळं! सिंगसंद्रा, तिप्पसंद्रा, दोम्मसंद्रा अशी कितीतरी नावं या भागात भेटतात. आता तळ्यापेक्षा कारखान्यांची छपरं जास्त दिसतात. औषधांपासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत सगळं इथं तयार होतं. पाळी सुटली की रस्त्यावर कन्नड, तमिळ, हिंदी, ओडिया अशा भाषांची सरमिसळ ऐकू येते. कोल्हापूर-सांगलीकडची मराठीही अधूनमधून कानावर पडते. मराठी माणूस या मुलखाला नवा नाहीच. 1638 साली बंगळूर आदिलशाहीकडे आलं आणि शहाजीराजांना त्याची जहागिरी मिळाली, हे शाळेतल्या इतिहासात सगळ्यांनीच वाचलेलं असतं.

या औद्योगिक वसाहतीत जर्मन पाट्याही आहेत. हवेच्या दाबावर चालणारी स्वयंचलित उपकरणं बनवणाऱ्या फेस्टो या कंपनीचं भारतातलं ठाणं इथलंच. तिचं मूळ गाव एस्लिंगेन, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातलं. आणि याच राज्याशी महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये करार केला. दहा हजार कुशल तरुणांना तिकडं पाठवायचं, त्याआधी त्यांना जर्मन शिकवायचं, अशी ती योजना. केरळच्या नोर्का या सरकारी संस्थेनं परिचारिकांसाठी असाच करार 2021 मध्ये केला होता. तेव्हा पुण्या-नाशकाकडच्या घरांतून आज ‘देर, दी, दास’ ऐकू येतं, त्याचं कारण केवळ हौस नाही.

शब्द पाठ होतात, व्याकरणही घोटून घेता येतं. अडतं ते बोलताना, आणि तेही बहुधा एका विषयावरून दुसऱ्यावर जाताना. बी-1 पातळीच्या गोएथे परीक्षेत तोंडी भाग साधारण पंधरा मिनिटांचा असतो, तोही दोघांनी मिळून द्यायचा. आधी एखादा बेत ठरवायचा, मग दिलेल्या विषयावर बोलायचं. स्वतःचा अनुभव सांगायचा, आपल्या देशात काय चालतं ते सांगायचं, फायदे-तोटे मांडायचे. शंभरात साठ गुण मिळाले तरच पास. मुद्द्यांच्या मधले सांधे निखळले की बोलणं नुसती यादी वाचल्यासारखं होतं.

या सांध्यांसाठी जर्मनमध्ये काही ठरलेले शब्द आहेत. सगळ्यांत सोपा ‘यूब्रिगेन्स’. आपल्या ‘बरं का’चा किंवा ‘अरे हो’चा तो जर्मन भाऊ. फ्रेंचमधून आलेला ‘आप्रोपो’ जरा ऐटीत वापरतात : ‘आप्रोपो सुट्टी, यंदा कुठं?’ ‘वो वीर गेराडं दाफोन श्प्रेखेन’ म्हणजे थेट ‘विषय निघालाच आहे तर’. नको असलेलं बोलणं संपवायला ‘वी डेम आउख झाय’, आपलं ‘ते काहीही असो’. एका गोष्टीतून दुसरीत भरकटणाऱ्याला तिकडं म्हणतात, हा काटकीवरून काडीवर गेला. आपल्या चावडीवर बसणाऱ्या निम्म्या मंडळींना हे लागू पडेल!

मराठी माणसाला सर्वांत जवळचा वाटावा असा प्रयोग म्हणजे ‘दा फेल्ट मीर आइन’. इंग्रजीत माणूस ‘मी आठवतो’ अशा ढंगानं बोलतो. जर्मनमध्ये ‘मीर’ म्हणजे ‘मला’. एखादी गोष्ट मला सुचते, जणू आपण होऊन आत येऊन पडते. ‘यावरून मला आठवलं’ म्हणणाऱ्याला यात नवं काय शिकायचं आहे? उच्चारांचंही तसंच. ‘परत’ या अर्थाचा ‘त्सुरुक’ हा शब्द हिंदीभाषकाला जड जातो. मराठी जिभेला मात्र ‘चमचा’तला ‘च’ जन्मापासून ठाऊक असतो.

खरी गंमत ‘आयगेंटलिश’ या शब्दाची. कोशात अर्थ ‘खरं म्हणजे’ असा. पण प्रश्नात आला की तो हळूच विषय वळवतो. ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ या साध्या प्रश्नात तो घातला की आधीचं बोलणं न तोडता दुसरं दार उघडतं. ‘कधीपासून विचारीन म्हणत होतो’ असा त्याचा सूर. तो नसेल तर तोच प्रश्न चौकशी अधिकाऱ्यानं विचारल्यासारखा वाटू शकतो.

आणि हे केवळ परीक्षेपुरतं नाही. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता हवी तर साधारणपणे बी-2 पातळी लागते. तिथल्या वॉर्डात वृद्ध रुग्णांची संख्या मोठी. गेलेल्या बायकोची आठवण काढून रडणारे आजोबा समोर असतील, औषधाची वेळ झालेली असेल, तर त्यांना गप्प कसं करायचं? ‘झागेन झी माल’, म्हणजे ‘मला सांगा बरं’, असं म्हणून त्यांच्या बागेबद्दल, नातवंडांबद्दल विचारायचं आणि तेवढ्यात गोळी हातात द्यायची. यातला ‘झी’ म्हणजे आपलं ‘अहो’. चुकून ‘दू’ म्हटलं तर आजोबांना ‘अरे’ म्हटल्यासारखं होईल! इकडं सासरच्या पहिल्या पंगतीत नव्या सुनेनं जे कसब दाखवावं, तेच तिकडं परक्या भाषेत दाखवायचं असतं.

उलट दिशेनं हेच कष्ट एका जर्मनानं केले होते. बासेल मिशनचे फर्डिनांड किटेल कर्नाटकात आले, कन्नड शिकले आणि 1894 मध्ये त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. तो आजही प्रमाण मानतात. बंगळूरच्या महात्मा गांधी रस्त्यावर त्यांचा पुतळा आहे. ‘यूब्रिगेन्स’ला कन्नडमध्ये ‘अंद हागे’ म्हणतात, आणि ‘ते असू दे’साठी ‘अदिरली’. बोम्मसंद्र्याच्या रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस सुरू झाली की हा दुसरा शब्द लक्षात ठेवावा.

पण आता रिक्षा लागतेच असं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली : आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा, 19 किलोमीटर, 16 स्थानकं. मुंबई-पुणे-सोलापूरहून उद्यान एक्सप्रेसनं बंगळूरला उतरावं, मॅजेस्टिकहून हिरव्या मार्गिकेनं आर. व्ही. रोडला यावं आणि तिथं गाडी बदलावी. सिल्क बोर्डच्या चौकातली वाहनांची कोंडी वरून दिसते. दाराजवळची जागा मिळाली तर उजव्या-डाव्या हातांच्या कारखान्यांच्या पाट्या वाचत जाता येतं.