मागणाऱ्यांची संघटना आणि तिचे नियोजन

आराखड्यांचे मसुदे वाचणे आणि त्यांवर टिपणे लिहिणे हा माझ्या सरकारी सेवेचा बराच मोठा भाग. त्यातून एक गोष्ट मनावर ठसली आहे. ज्या आराखड्यात सर्व काही करायचे लिहिलेले असते, त्यात प्रत्यक्षात काहीच ठरवलेले नसते. मर्यादित साधनांतून निवड करणे हा अर्थशास्त्राचा पहिला धडा नियोजनालाही लागू पडतो. हाच निकष आज मी काहीशा अपरिचित क्षेत्राला लावणार आहे. ते क्षेत्र म्हणजे शिक्षणसंस्थांसाठी निधी उभारणाऱ्या व्यावसायिकांची संघटना.

अमेरिकेत १९७४ मध्ये माजी विद्यार्थ्यांशी संबंध ठेवणाऱ्यांची एक आणि महाविद्यालयीन जनसंपर्काचे काम करणाऱ्यांची एक अशा दोन संघटना एकत्र आल्या आणि 'कौन्सिल फॉर अ‍ॅडव्हान्समेंट अँड सपोर्ट ऑफ एज्युकेशन', अर्थात 'केस', ही संस्था स्थापन झाली. तिचे सभासदत्व मुख्यतः शाळा, महाविद्यालये व विद्यापीठांकडे असते. म्हणजे देणगीसाठी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या संस्थाच येथे एकत्र बसतात.

अशा संघटनेने आपला आराखडा कशाभोवती रचावा? सभासदसंख्या, परिषदा आणि प्रशिक्षणवर्ग यांचे आकडे वाढवणे सर्वांत सोपे. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये सामूहिक कृतीविषयीच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की सर्वांच्या हिताचे काम आपोआप होत नाही. सभासदाला टिकवण्यासाठी त्याच्यापुरता काही लाभ द्यावा लागतो. परिषदा आणि वर्ग हे असे लाभ होत, आणि ते आवश्यकही आहेत. परंतु त्यांनाच उद्दिष्ट मानले, तर कोणत्याही एका सभासदाला एकट्याने न करता येणारे काम मागे पडते.

ते काम म्हणजे समान नियम. देणगीचे वचन मिळाले की आकडा धरायचा, की पैसे जमा झाल्यावर? हयात व्यक्तीच्या मृत्युपत्रातील रकमेचे काय? प्रत्येक संस्था आपल्या सोयीने मोजू लागली तर मोठे आकडे दिसतील, पण विश्वास उरणार नाही. म्हणूनच 'केस'ने २०१८ मध्ये अमेरिकेतील शैक्षणिक देणग्यांचे वार्षिक सर्वेक्षण आपल्याकडे घेतले आणि २०२१ मध्ये जागतिक स्तरावरील अहवाल-मानके प्रसिद्ध केली, या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. देणगीदारांच्या हक्कांची सनद तयार करण्यातही इतर तीन संघटनांसह तिचा वाटा होता.

आता आपल्याकडे वळू. शिक्षणासाठी हात पसरण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. महर्षी कर्व्यांनी वर्गणी गोळा करीत स्त्रीशिक्षणाचे कार्य उभे केले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी दिली. अलीकडे, २०२३ मध्ये, नंदन नीलेकणी यांनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले, आणि त्यात शिक्षणाचा समावेश आहे. म्हणजे देणारे आहेत. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयापाशी मात्र मागण्याची व्यवस्था नाही.

मी अशाच एका महाविद्यालयात शिकलो. गेली तीसेक वर्षे दिल्लीत आहे. त्या महाविद्यालयाचे पत्र मला दोनदाच आले: एकदा सभागृहासाठी, एकदा सुवर्णमहोत्सवासाठी. दोन्ही वेळा मी पैसे पाठवले. पावती आली, सभागृहाचे पुढे काय झाले, हे कोणी कळवले नाही. यात मला लबाडी दिसत नाही. अध्यापन सांभाळून निधीचे काम पाहणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाला हे कोणी शिकवलेलेच नसते. घरापासून दूर राहणाऱ्या अनेक वाचकांचा अनुभव याहून वेगळा नसावा.

म्हणून भारतात निधी उभारणाऱ्यांची संघटना बळकट करायची असेल, तर तिच्या पहिल्या पाच वर्षांसाठी मी तीनच कामे सुचवीन. पहिले, देणगी मोजण्याची समान पद्धत. दुसरे, आचारसंहिता, निधी गोळा करणाऱ्याला जमलेल्या रकमेवर टक्केवारी न देण्याचा नियम तीत असलाच पाहिजे, कारण टक्केवारी आली की देणगीदाराचे हित मागे पडते. तिसरे, सभासद-शुल्क संस्थेच्या उत्पन्नानुसार ठेवून त्यातून लहान महाविद्यालयांतील एकेका व्यक्तीचे प्रशिक्षण. मोठ्या संस्था हा भार का उचलतील? लहान संस्थेत फसलेला किंवा दुर्लक्षित देणगीदार पुढच्या वेळी सर्वांनाच नकार देतो, म्हणून.

परिषदा, पुरस्कार, परदेश-दौरे यांचा या यादीत समावेश नाही. ते कालांतराने येतीलच. आराखड्याचे यश मात्र मी एकाच आकड्यावरून ठरवीन: पहिल्यांदा देणगी दिलेल्यांपैकी किती जणांनी, पैशाचा विनियोग कळल्यानंतर, दुसऱ्यांदा दिली?