नेरडीगोंड्याचे घड्याळजी

निर्मळहून आदिलाबादेकडे जाणारा रस्ता घाट चढून, सागवानाच्या रानातून नेरडीगोंड्यास पोहोचतो. आदिलाबादेपुढे पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो. म्हणून या मुलखात तेलुगू व गोंडी बोलींबरोबर आपली मराठीही कानी पडते. प्रवासी येथे उतरतात ते बहुधा कुंतलेचा धबधबा पाहावयास. कडेम नदी तेथे सुमारे १४७ फूट खाली कोसळते. आमचे येणे मात्र निराळ्या कामासाठी झाले.

आमच्या दिवंगत वडिलांचे एच.एम.टी.चे स्वयंचलित घड्याळ आईने चार वर्षे पेटीत जपून ठेवले होते. आता हलविले तरी ते चालेना. शहरातील दुकानदारांनी सुटे भाग मिळत नाहीत म्हणून ते परत केले. एच.एम.टी.ने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरास घड्याळे काढण्यास आरंभ केला होता. तो व्यवसाय २०१६ साली बंद झाला. तेव्हा नेरडीगोंड्याच्या एका वृद्ध घड्याळजींकडे आम्ही ते सोपविले होते.

नेमल्या दिवशी आम्ही भावंडे गेलो, तेव्हा धुतलेले सारे भाग काचेच्या झाकणाखाली ओळीने मांडलेले होते. "एक स्क्रू उडाला, तर दुसरा कोठून आणावयाचा?" असे म्हणून काकांनी प्रथम पंखा बंद करविला.

मुख्य स्प्रिंग त्यांनी तिच्या गोल डबीत बसविली. साध्या घड्याळात तिचे बाहेरचे टोक डबीला अडकविलेले असते. स्वयंचलित घड्याळात ते नुसते भिंतीला टेकते. स्प्रिंग पुरती भरली की ते टोक घसरते, व अधिक ताण बसून ती तुटत नाही. मग चाके व तोलचक्र चढवून त्यांनी घड्याळ आधी चालते केले. ते चालल्यावाचून वरची यंत्रणा बसविणे व्यर्थ, असे त्यांचे मत.

त्यानंतर ती छोटी दातेरी चाके आली. हाताच्या हालचालीने वरचे अर्धचंद्राकृती वजन फिरते. त्याची गती ही चाके स्प्रिंगकडे नेतात, आणि भरलेला ताण मागे सुटू देत नाहीत. तेल येथे अगदी नाममात्र द्यावयाचे; जास्त झाले, तर चाके चिकटतात. सर्वांत शेवटी ते वजन बसले. काकांनी घड्याळ कलते करून पाहिले. वजन कोठेही न घासता आपल्या भाराने खाली आले, आणि स्प्रिंगचे चाक दात्यादात्याने पुढे सरकले. आम्हां कोणालाच शब्द फुटेना.

अशी मनगटी घड्याळे काही अलीकडची नव्हेत. जॉन हारवूड या इंग्रज घड्याळजीने १९२४ सालीच त्यांचे पेटंट मिळविले होते. तथापि, ती आपोआप चालतात, हा आपला समज अपुरा आहे. पूर्ण भरलेले घड्याळ काढून ठेवले, तर दीड-दोन दिवसांत थांबते. तो दोष नव्हे.

"बाळांनो, हे पुन्हा पेटीत ठेवणार असाल, तर माझे श्रम फुकट गेले," काका म्हणाले. "याचे अन्न म्हणजे माणसाचा चालता हात. आतले तेल वाळले की ते पुन्हा बसेल."

आईला ही गोष्ट सांगणे सोपे नव्हते; त्या पेटीत तिला वडील दिसत. तिने घड्याळ कानाशी धरले, बराच वेळ ऐकले, आणि रोज शेतावर जाणाऱ्या आमच्या धाकट्या भावाच्या मनगटावर स्वतः बांधले.