मुशीतलं सोनं आणि आठ बिट

धुराला पायऱ्या पडलेल्या बघून जो राग आला, तो अजून उतरलेला नाही.

विटा आणि खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, माणसं देशभर पसरलीत, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. माझे मामा त्रिशूरला असतात. त्यांच्या दुकानातलं काम मी ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट फोर-के कॅमेऱ्यावर, १२ बिट रॉमध्ये शूट केलं. तासाला २०० जीबीच्या वर डेटा होत होता, तरी रॉच हवं होतं. एकाच फ्रेममध्ये भट्टीतली पेटलेली मूस आणि मागची काजळलेली भिंत होती. सोन्यात चांदी मिसळून नायट्रिक ॲसिडमध्ये टाकली की तपकिरी धूर उठतो, चांदी विरघळते आणि तळाशी सोन्याची भुकटी उरते. तो धूर हाच माझ्या फिल्मचा जीव.

रंगाचं काम, म्हणजे ग्रेडिंग, पुण्यातल्या एका स्टुडिओला दिलं. फिल्म परत आली, तर धूर पट्ट्यापट्ट्यांनी वर चढतोय आणि मुशीच्या जागी पांढरा ठिपका! मूळ क्लिप उघडून एक्स्पोजर खाली ओढलं. पांढऱ्यातून आधी मुशीची कड दिसली, मग रसावर तरंगणारा टाकणखार. म्हणजे सगळं शाबूत होतं. प्रोजेक्ट मागवला. दा विंची रिझॉल्व्हच्या मीडिया पूलमध्ये प्रत्येक क्लिपपुढं एच.२६४, ८ बिट. एडिटिंग हलकं व्हावं म्हणून केलेल्या प्रॉक्सींवरच त्यांनी ग्रेडिंग केलं होतं आणि शेवटचा रेंडरही त्यातूनच काढला होता. एका रंगाच्या ४०९६ छटांच्या जागी २५६, आणि रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदा. त्यावर कॉन्ट्रास्ट ताणला, तर धूर फाटणारच. विचारलं तर उत्तर आलं, "मोबाइलवर कुणाला कळतंय?" सोनं वितळवताना गुंजभर घट आली तरी गलाईवाल्याला हिशोब द्यावा लागतो. इथं हिशोब मागणाराच उर्मट ठरला.

काम बाहेर देणाऱ्यांनी एवढं तरी लेखी घ्यावं: प्रॉक्सी एडिटिंगपुरत्याच, ग्रेडिंगआधी मूळ फायली परत जोडायच्या. मध्ये फाइल काढावीच लागली, तर प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स, किमान १० बिट. मास्टर वेगळी ठेवायची. मोबाइलची फाइल त्या मास्टरवरून, सगळ्यात शेवटी. आणि पैसे हातात पडले म्हणून शूट करणाऱ्यानं मूळ कार्ड पुसू नये, लग्नाचं शूट असलं तरी.

मी स्वतः रॉवरून पुन्हा ग्रेडिंग केलं. मुशीतली बारीकसारीक गोष्ट दिसेल असं केलं आणि दिवाळीला मामा आले तेव्हा दोन्ही फिल्म दाखवल्या. ते म्हणाले, "पयलीच बरी हाय. भट्टीपुढं उभं ऱ्हायलं की डोळं असंच दिपत्यात." मी गप्प. मग धूर आला तसे पुढं वाकले. "पर आमचा धूर असा पायऱ्यांनी चढत न्हाई."

आता मूस थोडी दिपवणारी ठेवलीय. हे रॉमधून मी ठरवून केलंय, प्रॉक्सीनं लादलेलं नाही. स्टुडिओनं उरलेल्या पैशांसाठी परवा पुन्हा फोन केला होता. दिलेले नाहीत.